मी कापून टाकलेलं नाव

भूकंपाचा विषय निघाला की मी काय सांगतो ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ट्रकमधून आलेले कपड्यांचे ढीग, दुधाच्या भुकटीची पोती, पत्र्याच्या शेडांच्या रांगा, आणि मी दुकान बंद ठेवून औषधं वाटायला कसा गेलो ते. तिथं मी थांबतो. पुढचं बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. टाळायला कारणं पुष्कळ होती आणि प्रत्येक कारण त्या त्या वेळी खरं वाटायचं. आता शहात्तर वर्षांचा झालो. हात अजून स्थिर आहे. तोवर लिहून टाकतो.

लातूरला गंजगोलाईजवळ माझं औषधांचं दुकान होतं. मी फार्मसीचा डिप्लोमा केलेला माणूस, परवाना माझ्याच नावाचा. हे आधीच सांगतो, कारण उद्या कुणी ‘बिचाऱ्याला काय माहीत’ असं म्हणायला नको. मला माहीत होतं.

कसं, तेही सांगतो. शेडांच्या वस्तीत आरोग्य शिबिर लागलं होतं. तिथं एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं तिखट. मी त्यांच्या टेबलाशेजारी औषधं द्यायला बसायचो. चार-पाच दिवसांत वस्तीतले दोन-तीन बापे थरथरायला लागले. घाम फुटायचा, अंगावर नसलेले किडे झटकायचे. एकाला तर सगळ्यांदेखत फिट आली. लोक म्हणाले, जमिनीचा थरकाप अंगात शिरला. बाईंनी त्याच्या भावाला बाजूला घेतलं.

“रोज प्यायचा का हा?”

“रोज म्हंजी... थोडी थोडी.”

“थोडी म्हणजे किती? माझ्यापुढं लाजू नका, मी काही तुमची सासू नाही.”

“बाटलीभर, बाई. आता गुत्ताच गाडला गेला. कुठून आणावी?”

त्या परिस्थितीतही चार माणसं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला गोळ्या सुरू केल्या, मोठ्या मात्रेनं, आणि रोज थोड्या थोड्या कमी करत नेल्या. मला म्हणाल्या, “दारू मेंदूला दाबून धरते. मेंदूही मग हळूहळू उलटा जोर लावायला शिकतो. दारू एकदम काढून घेतली की समोरचा दाब जातो आणि नुसता तो जोर उरतो. त्यातून फिट येते. ही झोपेची गोळीसुद्धा त्याच घरातली, बरं का मेडिकलवाले. मी दहा दिवसांची लिहून देते. अकराव्या दिवशी कुणी मागायला आलं तर द्यायची नाही, माझ्याकडं पाठवायचं.”

मी मान डोलावली. हे सगळं मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

त्याच टेबलावर ती मुलगी आली होती. वीस वर्षांची, बीएस्सीला. त्या पहाटे ती लातूरला मामाकडे होती म्हणून वाचली. औसा तालुक्यातल्या घरात आई आणि थोरली बहीण होत्या, दोघी ढिगाऱ्याखाली गेल्या. मामा आमच्या गल्लीतलेच, शाळेत मास्तर. तिची तक्रार एकच होती: डोळा लागला की जमीन हलते. बाईंनी तिला अर्धी गोळी लिहून दिली, झोपताना, दहा दिवस.

अकराव्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. शिबिर तोवर पुढच्या गावाला गेलं होतं.

“काका, पांढरी गोळी द्या ना. काल संपली. घेतली न्हाई तर पुन्हा सगळं हलायला लागंल.”

“बाईंनी दहाच दिवस सांगितलंय, पोरी.”

“बाई कुठं हायेत आता?”

मी दोन गोळ्या दिल्या. मग चार. मग आठवड्याच्या. नाही म्हणायला दोन मिनिटं लागतात आणि समोरच्याचा चेहरा पडलेला बघावा लागतो. द्यायला कात्री लागते फक्त. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतही होतं. घर गेलेली एक पोर माझ्या दुकानातून निघताना मोकळा श्वास घेते, हे मी माझं पुण्य समजत होतो.

कात्रीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथंच बिघडलं. आमच्याकडे सुट्या गोळ्या मागायची रीत होती, अजून आहे. स्ट्रिप पूर्ण कुणी घेत नाही. दोन द्या, चार द्या. कापताना चांगला दुकानदार नाव आणि मुदत असलेली बाजू शेवटपर्यंत राखतो. मी या गोळ्यांच्या बाबतीत उलटं करायचो. नावाची बाजू कापून टोपलीत टाकायचो आणि उरलेला कोरा तुकडा वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून द्यायचो. चिठ्ठीशिवाय दिलेलं औषध कुणाच्या घरी नावानिशी सापडू नये, एवढीच अक्कल. तिनं कधी नाव विचारलं नाही. तिच्यासाठी ती ‘पांढरी’ होती, आणि दोनाच्या तीन झाल्या तरी बोलण्यात ‘अर्धी’च राहिली.

पोरगी हुशार निघाली. फिजिक्समध्ये एमएस्सी केलं. तोवर लातूरला क्लासचं पीक आलं होतं. ज्या रस्त्यांवर भूकंपानंतर तंबू होते तिथं निकालाची होर्डिंगं लागली, गावोगावची पोरं खोल्या करून राहायला लागली, खानावळी निघाल्या, सायकली लावायला जागा उरली नाही. ती एका क्लासमध्ये शिकवायला लागली. पुढे त्याच क्लासची शाखा नांदेडला निघाली आणि तिला तिकडे पाठवलं. एका वेळी दोनशे पोरं समोर. पालक तिच्या नावानं प्रवेश मागायचे, असं मामा अभिमानानं सांगायचे.

नांदेडला गेल्यावर पुडी एसटीनं जायला लागली. मी स्टँडवर जाऊन ओळखीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचो, ती तिकडे उतरवून घ्यायची.

“काय हो मेडिकलवाले, दर पंधरवड्याला नांदेडला पुडी,” तो म्हणायचा, “या वयात काय भानगड हाय?”

“भाचीचा च्यवनप्राश आहे.”

“मग लई शक्तीची दिसतीय भाची.”

फोनवर ती आता मॅडमच्या आवाजात बोलायची, तरी मला काका म्हणायची. जानेवारी ते मे तिची गोळी वाढायची. “काका, सराव परीक्षा चालू हायेत. पोरं रडून राहिली, मालक ओरडून राहिले, डोकं बंदच होत न्हाई. जरा जास्त टाका.” परीक्षा संपली तरी वाढलेली मात्रा खाली येत नसे. दुसऱ्या वर्षी तिथून वर जायची. पाच मिलिग्रॅमच्या अर्ध्या गोळीपासून सुरू झालेला माणूस दहाच्या तीन गोळ्यांवर गेला. पंधरा वर्षं. मी एकदाही म्हणालो नाही, डॉक्टरांना दाखव.

मग एका आठवड्यात लातूरला औषध दुकानांची तपासणी सुरू झाली. आमच्या रस्त्यावरचं एक दुकान बंद झालं. मी घाबरलो. तसल्या होत्या नव्हत्या तेवढ्या स्ट्रिपा नष्ट केल्या आणि तिला फोन लावला.

“पोरी, ती गोळी आता बंद. सवय चांगली नाही.”

“बंद म्हंजी? एकदम?”

“मन घट्ट कर. तू पोरांना शिकवतेस, स्वतःला सांभाळता येत नाही का?”

ती म्हणाली, “बरं काका. तुम्ही म्हणता तर बंद.”

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ट्यूबलाइट डोळ्यांत घुसते, म्हणाली. पंख्याचा आवाज सहन होत नाही. हात असा थरथरतो की खडू मोडतो, पोरं हसतात. झोप तर नाहीच. मी दुकानात उभा होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे शेडातला तो किडे झटकणारा माणूस आला. मला नक्की कळलं की काय चाललंय. तिला त्या क्षणी सांगायला हवं होतं की आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा आणि हे नाव सांग. मी म्हणालो, “होईल कमी. लिंबू-सरबत घे.”

सहाव्या दिवशी ती फळ्यासमोर कोसळली. दोनशे पोरांपुढे. फिट आली, जीभ चावली गेली, कपडे खराब झाले. मामा माझ्याच दुकानात येऊन रडले आणि सोबत चला म्हणाले. मी गेलो.

नांदेडच्या खाजगी दवाखान्यात ती पडून होती. ओठ सुजलेला. तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. “आधी कधी असं झालं होतं?” नाही. “घरात कुणाला?” नाही. “कुठलं औषध चालू होतं?”

“औषध असं काही न्हाई,” ती म्हणाली. “झोपेची एक गोळी घेत होते, अर्धी. काकांच्या दुकानातली. आता तर तीबी बंद केली.”

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. “कुठली गोळी, काका?”

मी तो प्रश्न आजवर हजारदा ऐकला आहे. त्यानं आवाज चढवला नव्हता, संशय घेतला नव्हता. पेन कागदावर टेकवून तो फक्त नावाची वाट बघत होता. मी एक शब्द बोललो असतो तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

“साधी होती,” मी म्हणालो. “आयुर्वेदिक.”

त्यानं तसं लिहिलं. मामांनी भूकंपाचं सांगितलं. डोक्याला मार लागला होता का, असं विचारल्यावर मामा म्हणाले, तशी ती तिथं नव्हती, पण धक्का तर बसलाच ना. मी त्यालाही मान डोलावली. तिला अपस्माराचा शिक्का बसला आणि रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. क्लासच्या मालकांनी महिनाभर थांबून सांगितलं, पालक विचारून राहिले, मॅडम, आमचाही नाइलाज आहे. तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मामांची एक चुलत बहीण देगलूरला होती, ती तिकडे गेली आणि घरीच शिकवण्या घ्यायला लागली. स्कूटर बंद. एकटीनं गॅसपाशी उभं राहायचं नाही. नव्या गोळ्यांनी दुपारी पेंग यायची. दोनशे पोरांना एका दमात प्रकाशाचं वक्रीभवन शिकवणारी बाई आठवीच्या आठ पोरांपुढे जांभया देते, असं मामा सांगायचे आणि मी ऐकून घ्यायचो.

दुकान मी पुढे विकलं आणि नांदेडला मुलाकडे आलो. नात फार्मसीला आहे. मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात शिरत नाही. एका दुपारी ती माझ्या खाटेशेजारी बसून वाचत होती आणि मधेच मला समजावून सांगायला लागली. मेंदूत पेशी चेतवणारे निरोप असतात तसे शांत करणारेही असतात. शांत करणाऱ्या मुख्य निरोपाला गाबा म्हणतात. तो घ्यायला पेशीवर जागा असतात, ग्राही. गाबा तिथं बसला की एक दार उघडतं, क्लोराइड आत येतं आणि पेशी लवकर पेटत नाही. ही गोळी काय करते? ती स्वतः दार उघडत नाही. गाबा आला की दार नेहमीपेक्षा जास्त वेळा उघडेल असं करते. दारूही त्याच दारांशी खेळते. आणि गोळी रोज मिळायला लागली की पेशी हिशेब बदलते, ग्राही ऐकेनासे होतात.

“म्हणजे बघा आजोबा, आमच्या वर्गात एक मॅडम हळूच ‘शू’ म्हणतात आणि सगळे गप्प. समजा रोज त्यांना माइक दिला. सहा महिन्यांनी त्यांचा साधा आवाज कोण ऐकेल? एके दिवशी माइक काढून घेतला तर वर्गात दंगाच होणार ना! तो दंगा म्हणजे फिट.”

“आणि माणूस आधीच घाबरलेला असेल तर?”

“तेही दिलंय,” तिनं पान उलटलं. “ताण खूप दिवस राहिला तर गोळी नसतानाही या ग्राहींचं वागणं बदलतं. शांत करणारी ताकदच कमी पडते.”

मी हिशेब मांडला. भूकंपानं त्या पोरीचा तो शांत करणारा आवाज आधीच बसवला होता. वर दर वर्षी क्लासच्या परीक्षा. आणि त्यावर मी पंधरा वर्षं माइक पुरवला, आणि जीव वाचवायला, माझा, तिचा नव्हे, तो एका दिवसात हिसकावून घेतला.

“आजोबा, तुम्ही दुकानात देत होता का हो असल्या, चिठ्ठीशिवाय?” नातीनं सहज विचारलं.

“देत होतो,” मी म्हणालो. हा शब्द पहिल्यांदा बाहेर पडला. तिनं पुस्तक मिटलं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं मला धीर दिला नाही. “मग त्या बाई अजून फिटच्या गोळ्या खातायत?” एवढंच विचारलं. “कुणी तरी त्यांना सांगायला नको का?”

त्याच आठवड्यात मी एक कागद लिहिला. डायझेपाम. कोणत्या वर्षापासून, किती मिलिग्रॅम, कधी वाढली, कोणत्या महिन्यात एकदम बंद केली, फिट कितव्या दिवशी आली. दवाखान्यात मी आयुर्वेदिक म्हणालो ते खोटं होतं, हेही लिहिलं. वही लागली नाही. सगळं पाठ होतं. खाली सही, नाव, जुना परवाना क्रमांक. नात सोबत येते म्हणाली, मी नको म्हणालो. देगलूरच्या बसमध्ये एकटाच बसलो.

तिच्या व्हरांड्यात पोरं बसली होती. “टीचर, ताता आला!” एक पोरगी आत ओरडली, देगलूरच्या पोरांच्या तोंडात आजोबा असा तेलुगूतून येतो. ती बाहेर आली. केस निम्मे पांढरे, चष्मा. मला बघून इतकी खूश झाली की मी खिशातला कागद चाचपला.

“काका! एवढ्या उन्हात? आधी पाणी घ्या. पोरांनो, हे कोण माहीत हाय का? भूकंपानंतर मी येडीच झाले असते. ह्यांनी सांभाळलं मला.”

“पोरांना घरी पाठव,” मी म्हणालो. “आणि मी वाचतो ते संपेपर्यंत मधे बोलू नको.”

मी उभ्यानंच कागद वाचला. ओळीनं, एकही शब्द न गाळता. तिनं तो माझ्या हातून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला. मग फिजिक्सच्या बाईसारखे प्रश्न विचारले.

“शेवटी तीस मिलिग्रॅम, रोज?”

“हो.”

“कमी करत करत बंद केली असती तर?”

“बहुतेक काही झालं नसतं.”

“तिसऱ्या दिवशी मी फोन केला, तेव्हा तुम्हाला कळलं होतं?”

“कळलं होतं.”

“आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथंच पडले होते. तुमच्याकडंच बघत होते.”

“हो.”

तिनं कागदाची घडी घातली. रडली नाही, ओरडली नाही. “पाणी घ्या,” म्हणाली. मी घेतलं. तिनं मला बसपर्यंत सोडायला शेजारचं एक पोरगं दिलं, स्वतः आली नाही. पुन्हा या म्हणाली नाही, येऊ नका म्हणालीही नाही.

तो कागद घेऊन ती मेंदूच्या डॉक्टरांकडे गेली, हे मला मामांकडून कळलं. मामा स्वतः माझ्याशी त्यानंतर दोनच वाक्यं बोलले, आणि ते बरोबरच आहे. डॉक्टरांनी तपासण्या पुन्हा केल्या. फिटच्या गोळ्याही एकदम थांबवायच्या नसतात. त्यांनी वर्षभर लावून, पायरी पायरीनं उतरवल्या. मी रोज सकाळी कॅलेंडर बघत होतो.

गेल्या महिन्यात तिचाच फोन आला. दुपारची वेळ. मागे पोरांचा गलका.

“शेवटची गोळी बंद होऊन सहा महिने झाले,” ती म्हणाली. “काही झालं न्हाई. डॉक्टर म्हणाले, मला तो आजार कधी नव्हताच. तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं.”

“चांगलं झालं,” मी म्हणालो.

ती काका म्हणाली नव्हती, तरी फोन ठेवत नव्हती. माझ्याकडे वाक्य तयार होतं. कागद लिहिला त्या दिवसापासून होतं, देगलूरच्या बसमध्ये जाताना-येताना म्हणून बघितलं होतं: पोरी, तुझं डोकं चांगलं होतं. ते मी बिघडवलं, आणि तू माझ्याकडे बघत असताना मी खोटं बोललो. तुझी पंधरा-सोळा वर्षं गेली. मला माफ कर म्हणायचाही हक्क मला नाही, तरी म्हणतो. आकडे मी घडाघडा वाचले होते, आणि हे चार शब्द मला म्हणता येईनात.

“ठेवू का मग?” तिनं विचारलं.

“हं,” मी म्हणालो. “ठेव.”